एक, तीन, नऊ, सत्तावीस

आमच्या घरच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांची पंगत बसली, पानं वाढून झाली, उदबत्त्या लागल्या, तरी कोणी पानाला हात लावायचा नाही. घरातला सगळ्यांत थोरला पुरुष पंगतीच्या तोंडाशी उभा राहून एक कोडं घालणार, मुलाकडच्यांनी ते सोडवायचं आणि मगच पहिला घास घ्यायचा, अशी आमच्यात पद्धत होती. ती कुठून आली असं विचारलं, की भाऊकाका, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, डोळे मिटून सांगत: आपल्या एका पूर्वजाने कुठल्याशा सरदाराच्या भरल्या पंगतीत कोडं सोडवलं आणि जमीन मिळवली. कोणता पूर्वज, कोणता सरदार, कोणतं कोडं, यांतलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. जमीन मात्र खरोखरच होती, गागोद्याच्या बाजूला, चांगली भाताची. जमीन खरी आहे म्हणजे उरलेली गोष्टही खरीच धरायची, असा घरातला तर्कशास्त्राचा दर्जा होता.

कोडी एका वहीत होती. लाल फडक्यात बांधलेली ती वही देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात असे आणि दसऱ्याला तिच्यावर हळदकुंकू पडे, त्यामुळे काही कोड्यांच्या अटी पिवळ्या डागाखाली कायमच्या गेल्या होत्या. डाव्या पानावर कोडं, उजव्या पानावर उत्तर. आणि आता खरी गोम सांगते. लग्नाच्या आठ दिवस आधी मुलाकडे बेसनाच्या लाडवांचा डबा जाई आणि लाडवांखाली एक चिठ्ठी असे. चिठ्ठीत त्या पंगतीच्या कोड्याचं उत्तर. फक्त उत्तर, प्रश्न नाही. हे असं का, हे मी लहानपणी भाऊकाकांना विचारलं होतं. ते म्हणाले, "प्रश्न आधी कळवणं म्हणजे पेपर फोडणं, शरू. आपण खानदानी माणसं. उत्तर कळवणं म्हणजे नुसती सूचना." मी पुढे आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, पण पेपर न फोडता उत्तरं वाटण्याची ही युक्ती कोणत्याच शिक्षणखात्याला सुचलेली मला दिसली नाही. ज्यांच्याकडे डबा जाई ते चिठ्ठी पाठ करत, पंगतीत दोन मिनिटं कपाळाला आठ्या घालून विचार केल्यासारखं करत, आणि कोणीतरी वडीलधारा ठणठणीत आवाजात उत्तर देई. मग "वाहवा" होई, आणि सगळे जेवत. पिढ्यानपिढ्या कोणी चुकलं नव्हतं. आपल्याला हुशारच सोयरे मिळतात, याचा भाऊकाकांना फार अभिमान होता.

आमचं घर पेणला, बाजारापासून दोन गल्ल्या आत. खाली आम्ही राहायचो आणि वर गच्ची होती, जिच्यावर वर्षातले आठ महिने पापड वाळत. आई पोह्याचे पापड करायची. आधी घरापुरते, मग शेजारापुरते, मग मुंबईहून येणाऱ्या लोकांपुरते. सकाळी उखळात पोह्याच्या पिठाचा गोळा कुटला जाई, त्याचा दणका अख्ख्या गल्लीला घड्याळासारखा होता. भिंतीपलीकडे गणपतींचा कारखाना. तिथून दिवसभर मातीवर फिरणाऱ्या पट्टीचा खरवडल्यासारखा आवाज येई, आणि वाऱ्याची दिशा फिरली की आमच्या पापडांवर पांढरी धूळ बसे. मग आई भिंतीकडे बघून म्हणे, "अवो, गणपती तुमच्याकडे ठेवा, आमच्या पापडात नको." आईला भिंतींशी बोलायची सवय होती. थोरल्या दिरांशी थेट बोलायचं नाही म्हणून भाऊकाकांना जे सांगायचं तेही ती भिंतीला सांगे, आणि काका ते भिंतीकडून ऐकल्यासारखं ऐकत. माझे वडील, अण्णा, या दोघांच्या मधे बसून वर्तमानपत्र वाचत. त्यांचा संसार बराचसा त्या वर्तमानपत्रामागे झाला.

कोड्यांशी माझी खरी ओळख वहीने करून दिली नाही, ताईने करून दिली. ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. पापड लाटायला बसली की तिचे हात एकीकडे आणि डोकं दुसरीकडे चाले. एकदा तिने पिठाच्या नऊ लाट्या केल्या, सगळ्या सारख्या, आणि माझी पाठ असताना त्यांतल्या एकीत चिंचोका दडवला. म्हणाली, "एक जड हाय. तराजू घे. दोनदाच तोलायचं, आणि सांग कुठली ती." मी एकेक उचलून हातात झोकत बसले. ती म्हणाली, "हात तराजू नाय गो. विचार कर." मी दोन-दोन तोलल्या, चार-चार तोलल्या, दरवेळी तिसऱ्यांदा तोलायची पाळी येई. अर्ध्या तासाने तिला दया आली. तिने लाट्यांचे तीन-तीनचे तीन ढीग केले. दोन ढीग पारड्यांत ठेवले, तिसरा खाली. एक पारडं खाली गेलं, तर जड लाटी त्या ढिगात. दोन्ही पारडी समान राहिली, तर ती न तोललेल्या ढिगात. एकदा तोलून नवाच्या तीन झाल्या. आता त्या तिनांतल्या दोन पारड्यांत ठेवायच्या, एक खाली. खाली गेली ती जड, नाहीतर बाहेर राहिलेली जड. झालं. मला त्या क्षणी जे वाटलं ते अजून आठवतं. जी वस्तू तराजूवर ठेवलीच नाही तिचंही वजन तराजू सांगतो! मी तोवर समजत होते, की ज्याला हात लावू तेवढंच कळतं.

वहीतलं मण फुटल्याचं कोडंही तिनेच मला उलगडून दिलं. वाण्याचा तोलायचा मणाचा, म्हणजे चाळीस शेरांचा, धोंडा पडला आणि त्याचे चार तुकडे झाले. वाणी रडेल की नाही? तर नाही, तो हसला. कारण त्या चार तुकड्यांनी एक शेरापासून चाळीस शेरांपर्यंत कुठलंही पुरं वजन तोलता येत होतं. तुकडे केवढ्याचे? वहीत उजव्या पानावर नुसतं लिहिलं होतं: एक, तीन, नऊ, सत्तावीस. का, ते नाही. ताईने खडूने जमिनीवर मांडलं. एका शेरासाठी एकाचा तुकडा हवाच. आता दोन तोलायचे, तर तुकडा मालाच्या पारड्यातही ठेवता येतो ना? एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला एक आणि माल. माल दोनच असणार. एक आणि तीन असले की चारपर्यंत जमतं. पाचासाठी नवा तुकडा असा हवा, की त्याच्यासमोर मालाबरोबर ते चार ठेवले की पाच उरतील, म्हणजे नऊ. नवाने तेरापर्यंत जमलं. चौदासाठी तेरा अधिक चौदा, सत्तावीस. त्याने चाळीसपर्यंत. बेरीज करून बघ, चाळीसच. "उत्तर पाठ असलेला वाणी आणि का ते ठाऊक असलेला वाणी," ताई हात झटकत म्हणाली, "यांतला दुसरा वाणी धोंडा मुद्दाम पाडतो."

ताईला बघायला रोह्याहून मंडळी आली. खरं म्हणजे वरशाहून, रोह्याला लागूनच. तेव्हा तिथे घरांपेक्षा शेतं जास्त होती. मुलाचं नाव विलास, धाटावला एका कंपनीत केमिस्ट. त्याचे वडील नव्हते, म्हणून पुढारपण चुलत्यांकडे. चुलते नानासाहेब. ते कसल्याशा सोसायटीचे चेअरमन होऊन गेले होते, पण चेअर गेली तरी मन गेलं नव्हतं. खोलीत आल्या आल्या त्यांनी सगळ्यांत उंच खुर्ची कुठली ते पाहिलं, आणि ती भाऊकाकांच्या खाली आहे हे पाहून ते थोडे खट्टू झाले. पुढचा अर्धा तास दोघेही एकमेकांना आपापल्या जमिनी सांगत होते. मुलगा बोलतच नव्हता. ताई पोहे घेऊन आली, तिला पाककृती विचारून झाल्या, आणि मधल्या एका शांततेत दाराशी बसलेली मी, वय वर्षं बारा, मुलाला म्हणाले, "नऊ लाट्या आहेत. एक जड आहे. कमीत कमी किती वेळा तोलून सांगता येईल?"

खोलीत हशा झाला. विलासराव हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलायला लागली. पण नानासाहेब म्हणाले, "त्यात काय? नऊ लाट्या, नऊ वेळा! सरळ हिशोब!" आणि त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं. भाऊकाका "वाहवा" म्हणाले. माझ्या घरातला माणूस चुकीच्या उत्तराला वाहवा म्हणाला, हे मी त्यांना आजतागायत माफ केलेलं नाही. विलासराव गप्पच राहिले. मग चहा आला आणि लग्न ठरलं.

त्यानंतर मी ताईला विचारलं, "तुला आवडला?" ती गच्चीवर पापड उलटत होती. म्हणाली, "माहीत नाय."

"त्याला काहीच येत नाही गो. ठोंब्या आहे."

"न येण्याचं काय नाय शरू," ती म्हणाली. "मला पण पुष्कळ येत नाय. पण गप्प बसला तो विचार करत होता, की काकाला घाबरून गप्प होता, तेवढं कळलं असतं तर बरं होतं. काकाला घाबरणाऱ्या माणसाबरोबर मला काकाशीच संसार करावा लागंल." आणि तिने पुढचा पापड उलटला. लग्न मोडण्याची भाषा तिच्या तोंडी नव्हती. आमच्यात ती कोणाच्याच तोंडी नसायची. पण तो प्रश्न तिने माझ्याजवळ ठेवला, आणि बाराव्या वर्षी कोणी आपल्याजवळ काही ठेवलं, की त्याचं काहीतरी केलंच पाहिजे असं वाटतं.

संधी चालून आली. ताईच्या पंगतीसाठी भाऊकाकांनी मठ्ठ्याचं कोडं निवडलं. आठ शेर मठ्ठा, तीन भांडी, अर्धा अर्धा वाटायचा. उत्तर म्हणजे सात ओतण्यांची यादी. चिठ्ठी लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर वळणदार होतं आणि भाऊकाकांना चष्म्याशिवाय दिसत नसे. चष्मा त्यांच्याकडे होता. पण ज्या घराण्यात कोडं सोडवून जमीन मिळते त्या घराण्याच्या कर्त्याने चष्मा लावणं त्यांना बरं दिसत नसे. मी वही उघडली. मठ्ठ्याचं पान समोर होतं. मी चार पानं मागे गेले आणि वळणदार अक्षरात लिहिलं: एक, तीन, नऊ, सत्तावीस. काकांनी चिठ्ठी हातभर लांब धरली, गंभीरपणे मान हलवली, आणि म्हणाले, "छान. घडी कर." अण्णा दुसऱ्या दिवशी एसटीने डबा रोह्याला पोचवून आले. मला खात्री होती की मी जगातली पहिली खरी परीक्षा घेणार आहे.

लग्न वैशाखात, भर उन्हात. मांडव दारात, आणि पंगत शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात, कारण तेवढी सावली गल्लीत दुसरीकडे नव्हती. कारखानदाराने एक बाजू रिकामी करून, सारवून दिली. उरलेल्या फळ्यांवर कच्चे गणपती रांगेने बसले होते, रंगाविना, डोळे अजून काढायचे होते. मुहूर्त साडेअकराचा, तो अगदी वेळेवर लागला, कारण वऱ्हाडातले निम्मे लोक कंपनीतले होते आणि त्यांना तीनची शिफ्ट गाठायची होती. सव्वाबाराला पानं मांडली. वालाचं बिरडं, अळूची भाजी, मसालेभात, जिलबी, आणि प्रत्येक पानाच्या डाव्या वरच्या कोपऱ्याला आईचा पोह्याचा पापड, नुकता तळलेला. नवरा-नवरी मधोमध शेजारी शेजारी पाटांवर. नानासाहेब त्यांच्या उजवीकडे, फेटा न उतरवता. मी खांबाशी उभी.

भाऊकाका पुढे झाले. घसा साफ केला. "आठ शेर मठ्ठा आहे. भांडी तीन. एक आठ शेरांचं, एक पाचाचं, एक तिनाचं. दुसरं माप नाही, अंदाज चालणार नाही. दोन व्याही आहेत. दोघांना चार-चार शेर वाटून द्या."

नानासाहेबांनी ठरल्याप्रमाणे कपाळाला आठ्या घातल्या. दाढी कुरवाळली, जी नव्हती. मग एक हात वर करून ते गरजले, "एक! तीन! नऊ! सत्तावीस!"

भाऊकाकांची "वाहवा" अर्धी बाहेर पडली होती, ती तशीच तोंडात थांबली. कोणीतरी मागे म्हणालं, "आठ शेरांत सत्तावीस कुठून आलं?" नानासाहेबांना वाटलं आपला आवाज पोचला नाही. त्यांनी पुन्हा एकदा, जास्त मोठ्याने, तेच सांगितलं.

"नाही," भाऊकाका हळू म्हणाले. "चूक आहे."

आमच्या घराण्याच्या इतिहासात हा शब्द त्या जागी कधी उच्चारला गेला नव्हता. पुढे काय करायचं हे वहीत लिहिलेलं नव्हतं. नानासाहेबांचा चेहरा लाल झाला. चिठ्ठीचं नाव काढावं तर फुकटची हुशारी उघडी पडते, न काढावं तर अपमान गिळावा लागतो. ते म्हणाले, "आम्हाला घरी बोलावून हसायचं ठरलं होतं तर तसं पत्रिकेत छापायचं होतं," आणि भरल्या पानावरून उठायला लागले. भरल्या पानावरून व्याही उठला, म्हणजे पुढची वीस वर्षं मुलीने त्या घरात त्याची उत्तरं द्यायची. लग्न लागलं होतं, ते मोडणार नव्हतं. मोडणार होती ती ताई. हे माझ्या परीक्षेत मी धरलंच नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती. पुढे होऊन खरं सांगून टाकावं म्हणून मी खांब सोडून एक पाऊल टाकलं. वऱ्हाडातून एक जण ओरडला, "अवो, काय ते सोडवा बिगी बिगी, सेकंड शिफ्ट हाय!" आणि स्वयंपाकाच्या बाजूने आईचा आवाज आला. ती भिंतीला सांगत होती, "कोडं गेलं चुलीत. पापड मऊ पडतायत."

"नाना, बसा," विलासराव म्हणाले.

मी त्यांचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकला. मोठा नव्हता. "बसा नाना. मला याचं उत्तर येत नाही." मग भाऊकाकांकडे वळून, "खरंच येत नाही. पण भांडी मिळाली तर बघतो. कंपनीत पण असंच करतो आम्ही. नाय कळलं की भांडं घेऊन बसतो."

भर पंगतीत, फेटे घातलेल्या दोन म्हाताऱ्यांसमोर बसून, मुंडावळ्यांसकट एका माणसाने "मला येत नाही" म्हटलं, आणि छत कोसळलं नाही. बाळू आचाऱ्याने दुधाच्या दोन किटल्या आणल्या, एक पाच लिटरची, एक तीनची. दोन्ही एकदा मठ्ठ्याने काठोकाठ भरून रिकाम्या पातेल्यात ओतल्या. "ह्ये घ्या आठ. शेर नाय आता, लिटर." विलासरावांनी पाट सरकवला आणि बाह्या वर केल्या. ही परीक्षा आता मी घेत नव्हते. ती माझ्या हातून कधीच सुटली होती.

त्यांनी आधी छोटी किटली भरली. तीन. ती मोठीत ओतली. पुन्हा छोटी भरली, मोठीत दोनच मावले, छोटीत एक उरला. पातेल्यात दोन, मोठीत पाच, छोटीत एक. ते थांबले, त्या एका लिटरकडे बघत राहिले, आणि "नाही, चुकलं" म्हणून त्यांनी सगळं परत पातेल्यात ओतलं. इथे मास्तरीण म्हणून मला सांगितलं पाहिजे, की ते चुकले नव्हते. तो रस्ताही पोचतो: मोठी पातेल्यात रिकामी करायची, तो एक लिटर मोठीत टाकायचा, पुन्हा छोटी भरून त्यावर ओतायची, एक आणि तीन, चार. आठ ओतण्यांचा रस्ता, आणि ते बरोबर मध्यावरून परत फिरले. हे मी पुढे वहीच्या उजव्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे. आपण रस्ता चुकला म्हणून परत फिरतो तेव्हा निम्म्या वेळा अर्धा रस्ता झालेला असतो. पण तेव्हा ते कोण सांगणार?

तेवढ्यात ताई काहीतरी पुटपुटली. विलासराव तिच्याकडे झुकले, आणि मग त्यांनी मान वर करून मोठ्याने सांगितलं, "ही म्हणतेय, मोठी आधी भरून बघा."

"छे छे छे!" भाऊकाका पुढे सरसावले. नियम मोडला जाताना दिसला, की त्यांना पुन्हा बळ येई. "नवरीने सांगायचं नाही. मुलाकडच्यांनी सोडवायचं. ती आमच्याकडची!"

"साडेअकरापर्यंत होती," विलासराव म्हणाले. "आता आमच्याकडची हाय."

कारखान्यात जो हशा उसळला त्याने फळीवरचे गणपतीसुद्धा हलले असतील. त्या तर्कापुढे भाऊकाका पाऊलभर मागे सरले. भटजीने तासाभरापूर्वीच ते सिद्ध केलं होतं. ताईने मान वर केली, पदर खोचला, आणि मोठी किटली स्वतः उचलली.

पाच भरली, पातेल्यात राहिले तीन. तिने मोठीतून छोटी काठोकाठ भरली. मोठीत उरले दोन. विलासरावांनी छोटी पातेल्यात रिकामी केली, पातेल्यात झाले सहा. "हे दोन छोटीत," ताई म्हणाली. मोठी रिकामी झाली. ती पुन्हा भरली, पाच, पातेल्यात एक. आता छोटीत दोन होते, म्हणजे तिच्यात अजून एकच मावणार. विलासराव एकदम थांबले. "मोठीतनं एक गेला की..." आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "व्हय," ती म्हणाली. त्यांनी जपून ओतलं. छोटी काठाला लागली, मोठीत राहिले चार. छोटीतले तीन पातेल्यातल्या एकात गेले, तिथेही चार. सात ओतणी. एक थेंब कुठे सांडला नव्हता. केमिस्ट आणि पापडवाली, दोघांचेही हात मापाचे.

बाळू आचाऱ्याने कपाळ पुसलं आणि विचारलं, "झालं ना? मग ह्यो मठ्ठा वाढू का वहीत ठेवताय?"

नानासाहेब बसले. बसताना ते शेजाऱ्याला म्हणाले, "आमचं उत्तर बरोबरच होतं. यांचा प्रश्न चुकला." हे त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही, आणि गंमत म्हणजे ते शब्दशः खरं होतं. भाऊकाकांनी "वाहवा" म्हटलं. त्यांच्या आयुष्यातली ती बहुधा पहिली कमावलेली वाहवा. चिठ्ठीचं काय झालं याचा त्यांनी पुढे बराच विचार केला, आणि महिन्याभराने कोणाला न सांगता चष्मा लावायला सुरुवात केली. आईने मऊ पडलेले सगळे पापड उचलले आणि नवे तळून वाढले. सेकंड शिफ्टवाले ते हातात घेऊनच बसकडे पळाले.

पाठवणीच्या वेळी विलासराव माझ्यासमोर थांबले. मी रडत होते, निम्मी ताईसाठी आणि निम्मी भीतीने. ते वाकून म्हणाले, "ते लाट्यांचं. दोनदा, ना? तीन-तीनचे ढीग करून. त्या दिवशी परत जाताना नागोठण्याला सुचलं. पण तोवर एसटी पुढे गेली होती."

त्यानंतर कोड्याची पद्धत आमच्यात उरली नाही. माझ्या लग्नात भाऊकाकांनीच ती बंद केली. म्हणाले, लोकांना हल्ली वेळ नसतो. वही माझ्याकडे आहे. आणि चिठ्ठी मी बदलली होती, हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. अण्णांना नाही, आईला नाही, ताईला तर नाहीच. गेल्या महिन्यात वरशाला ताईकडे राहायला गेले होते. शेतं होती तिथे आता इमारती आहेत, आणि संध्याकाळी धाटावहून सुटलेल्या दुचाक्यांचा लोंढा खिडकीखालून जातो. विलासराव आतल्या खोलीत नातवाला काहीतरी शिकवत होते; मधेच त्यांचा आवाज आला, "थांब, हे मला नाही येत, बघू दे." मला काय झालं कोण जाणे. ताई वाल सोलत होती, तिच्यासमोर बसून मी सगळं सांगून टाकलं. वही, चार पानं मागे, वळणदार अक्षर. सांगून झाल्यावर मी तिच्या रागाची वाट पाहत बसले.

तिने सोललेला वाल वाडग्यात टाकला. "डबा कोणी भरला होता गो?"

"कुठला डबा?"

"लाडवांचा. मीच ना भरला? चिठ्ठी तळाशी मी घातली." तिने दुसरा वाल घेतला. "वाचली की मी. मण फुटल्याचं उत्तर मीच तुला शिकवलं, मला नाय कळणार?"

मी तो वाल तिच्या हातातून काढून घेतला. मग म्हटलं, "मग बदलली का नाहीस?"

"तुला एकटीलाच बघायचं होतं काय?" ताई म्हणाली, आणि आत हाक मारली, "अवो, आलं का तुमचं उत्तर?"

"नाही अजून," आतून विलासराव म्हणाले. "भांडी आण."